सोफा उघडताना नेमकं काय हलतं?

मागच्या वेळी छोट्या खोलीत झोपायची सोय कशी करावी यावर लिहिताना मी फ्युटन सोफ्याचा (लाकडी किंवा लोखंडी फ्रेमवर सुटी गादी टाकलेला, उघडला की पलंग होणारा सोफा) विषय एका ओळीत उरकला होता, की फ्रेम चांगली असेल तर बिनधास्त घ्या. त्यावर पत्रांचा ढीग आला आणि जवळपास प्रत्येकाचं म्हणणं एकच, की चांगली फ्रेम ओळखायची कशी ते सांगा ना. अगदी बरोबर आहे, ते सांगायलाच हवं होतं. म्हणून यावेळी सगळं सदर फ्युटनच्या फ्रेमलाच.

प्रश्न : ताई, फ्युटन बघायला गेलो तर बायफोल्ड, ट्रायफोल्ड, वॉल हगर, क्लिक-क्लॅक असे शब्द कानावर पडले. बंद असताना सगळे सारखेच सोफे दिसतात. खोली १० बाय १० फुटांची आहे. फरक काय आणि मी कुठला घेऊ?

बंद सोफ्याकडे बघून खरंच काही कळत नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. उघडायला लावा आणि दोनच गोष्टी बघा, एक म्हणजे फ्रेम किती ठिकाणी दुमडते आणि दुसरं म्हणजे उघडल्यावर झोपणारा माणूस कसा आडवा होतो, सोफ्याच्या लांबीत की भिंतीपासून खोलीच्या मध्याकडे. बाकीचे शब्द या दोन गोष्टी कळल्या की आपोआप जागेवर बसतात.

बायफोल्ड म्हणजे वहीसारखा, एकच घडी. एक चौकट बसायची, एक पाठीची, मध्ये सांधा, पाठ खाली पाडली की दोन्ही चौकटी एका पातळीत येतात आणि झाला पलंग. यात झोपणारा सोफ्याच्या लांबीत झोपतो. फ्युटनमध्ये फुल साइज म्हणजे ५४ बाय ७५ इंच आणि क्वीन म्हणजे ६० बाय ८०, तर फुल साइजचा बायफोल्ड सोफा म्हणून ७५ इंच लांब असतो अधिक दोन्ही हातांची, म्हणजे सोफ्याच्या दोन टोकांच्या उभ्या बाजूंची, जाडी, म्हणजे तीन माणसं आरामात बसतात, आणि उघडल्यावर भिंतीपासून साधारण ५४ इंच पुढं येतो. हातांच्या आणि पाठीच्या रचनेप्रमाणे अजून थोडं धरा.

ट्रायफोल्ड म्हणजे पत्रासारख्या दोन घड्या, तीन भाग. यात तोच ५४ बाय ७५ चा पलंग उलटा फिरतो, म्हणजे सोफ्याची रुंदी ५४ इंच होते आणि पलंग भिंतीपासून ७५ इंच खोलीत घुसतो. बंद असताना दोघांपुरताच सोफा, भिंत कमी अडते, पण रात्री समोरची जागा जास्त खातो. तिसरा भाग काही फ्रेममध्ये पाठीमागे लटकतो, काहींमध्ये सीटखाली जातो. घड्या दोन, म्हणजे सांधे जास्त, आणि गादी पण दोन ठिकाणी दुमडायला हवी म्हणून ती पातळ लागते.

तुमची खोली १२० इंचांची आहे. कागदावर नको, जमिनीवर जुना पेपर नाहीतर चिकटपट्टी लावून उघडलेल्या पलंगाचं माप आखा आणि मग दार उघडतंय का, कपाट उघडतंय का, रात्री उठून बाहेर जायला वाट राहतेय का ते बघा. लोक सोफ्याचं माप घेतात आणि पलंगाचं विसरतात, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

वॉल हगर हा वेगळा प्रकार नाही, ती उघडायची पद्धत आहे. साध्या फ्रेममध्ये पाठ खाली पडताना मागे जागा मागते, म्हणून रोज रात्री सोफा भिंतीपासून ओढायचा आणि सकाळी परत ढकलायचा. वॉल हगरमध्ये सगळी हालचाल पुढच्या बाजूला होते, सीट पुढं सरकते आणि पाठ तिच्यामागून खाली येते, भिंतीला चिकटलेला सोफा तिथंच उघडतो. रोज उघडायचा असेल तर मी यासाठी हट्ट धरेन. पाहुण्यांपुरता असेल तर साधा चालेल.

आणि क्लिक-क्लॅक. तो खरं तर फ्युटन नाहीच. त्यात वेगळी गादी नसते, फोम चौकटीलाच शिवलेला असतो, सीट वर उचलली की बिजागरीतून खट आवाज येतो, सोडली की पाठ आडवी. हलका असतो, उघडायला सोपा असतो, पण फोम बसला की गादी बदलायची सोय नाही, सगळा सोफाच बदलायचा. फ्युटनचा मोठा फायदा म्हणजे फ्रेम आणि गादी वेगळ्या असतात, एक खराब झाली तरी दुसरी राहते. तुमच्या खोलीला मी फुल साइजचा बायफोल्ड वॉल हगर म्हणेन, पण भिंत ८५ इंच तरी मोकळी आहे ना ते आधी बघा.

प्रश्न : घर बदललं तेव्हा फ्युटन सुटा करून आणला. परत जोडला पण हात डगमगतात आणि सोफा केला की सीट जागेवर अडकतच नाही, घसरत खाली येते. जोडणीचा कागद हरवलाय. कुठला भाग कुठला हे कसं ओळखायचं?

कागद नसला तरी जमतं, घाबरू नका. सगळं परत सोडा आणि जमिनीवर मांडा.

दोन मोठे उभे भाग म्हणजे हात. त्यांची आतली बाजू बघा, लाकडी फ्रेम असेल तर तिथं एक लांब खाच कोरलेली दिसेल, ती नीट लक्षात ठेवा कारण सगळा खेळ तिच्यात आहे. दोन लांब आडव्या फळ्या किंवा दांडे आहेत ते खाली पुढून आणि मागून दोन्ही हातांना बांधतात. मग पट्ट्या ठोकलेल्या दोन चौकटी. त्या दिसायला जुळ्या असतात आणि इथंच बहुतेकांची गफलत होते. जिच्या पुढच्या कडेला दोन्ही टोकांना रोलर (त्या खाचेतून फिरत जाणारी छोटी चाकं) किंवा रोलरची भोकं आहेत ती सीट. जिच्या खालच्या टोकांना वीतभर लांबीचे लाकडाचे किंवा पत्र्याचे तुकडे लागतात ती पाठ.

त्या तुकड्यांना किकर म्हणतात. दिसायला किरकोळ, पण तुम्ही पाठीला रेलता तेव्हा बऱ्याच लाकडी फ्रेममध्ये तो सगळा रेटा हेच किकर मागच्या दांड्यावर नेऊन टेकवतात. पुष्कळदा ते डावे-उजवे वेगळे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा, आणि अदलाबदल झाली की नेमकं तुमचं झालंय तेच होतं, सगळं बसल्यासारखं वाटतं पण सोफा जागेवर अडकत नाही. दोन्ही हातात घेऊन शेजारी शेजारी धरा, भोकं कुठल्या बाजूला आहेत बघा. ते बरोबर निघाले तर मग सीटचा रोलर खाचेत आहे की खाचेच्या बाहेर काठावर बसलाय ते तपासा.

आता डगमगणारे हात. नटबोल्टच्या पिशवीत छोटे धातूचे गोल दंडगोल असतील, करंगळीच्या टोकाएवढे, मध्ये आटे आणि एका टोकाला चीर. हा बॅरल नट. तो हाताच्या आतल्या भोकात आडवा जातो आणि दांड्यातून येणारा लांब बोल्ट त्याच्यात शिरतो. तो भोकात जरा जरी फिरला तरी बोल्ट आट्यांना सापडत नाही, तिरका लागतो, वरून घट्ट वाटतो पण आत पकड शून्य. त्या टोकावरची चीर त्यासाठीच दिलेली असते, स्क्रू-ड्रायव्हरनं नट फिरवून चीर बोल्टच्या दिशेला सरळ करा, मग बोल्ट हातानंच पाच-सहा फेरे आत जायला हवा. हातानं जात नसेल तर बोल्ट आवळायची चावी लावूच नका, आटे खराब होतील. सोबत लाकडी खुंट्या असतील तर त्या आधी घाला, वजन त्या पेलतात, बोल्टचं काम फक्त ओढून धरायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकेक बोल्ट घट्ट करत पुढं जाऊ नका. सगळे अर्धवट लावा, फ्रेम सपाट जमिनीवर ठेवा, खालच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्यापर्यंत आणि मग उलट. सारखे आले की फ्रेम काटकोनात आहे, तेव्हा सगळे आवळा. कर्णात अर्ध्या इंचाचा जरी फरक असला तरी एक हात पुढं एक मागं होतो आणि एका बाजूचा रोलर खाचेत घासत राहतो.

प्रश्न : उघडताना करकर आवाज येतो आणि एका जागी सीट अडकून मग एकदम धाडकन पुढं येते. तेल घातलं तर चालेल का?

तेल नको. यात मी स्वतः पोळलेय म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या लाकडी फ्रेमला पण अशीच कुरकुर सुरू झाली होती. मला वाटलं काहीतरी सैल झालंय, एका दुपारी चावी घेऊन दिसेल तो बोल्ट आवळला. आवाज दोन दिवस गेला आणि मग सीट उघडायलाच दोन माणसं लागायला लागली. शेवटी गादी काढली, टॉर्च लावली आणि हाताच्या खाचेत बघितलं तर काळसर बारीक भुकटी साचलेली. रोलर काढून हातात घेतला, प्लास्टिकचा गोल रोलर, आणि त्याची एक बाजू चक्क चपटी झाली होती. तेव्हा कळलं काय झालं ते. रोलरचा बोल्ट मी इतका आवळला की तो फिरेचना, न फिरता खाचेतून फरफटत जात होता आणि एकाच जागी झिजत होता. ती भुकटी म्हणजे माझाच रोलर. चपटी बाजू खाली आली की सीट अडकायची आणि तेवढं पार झालं की धाडकन पुढं. दोन्ही रोलर बदलले आणि त्या दिवसापासून आजपर्यंत गपगुमान चालतंय.

तर हे पक्कं लक्षात ठेवा, फ्रेममधे दोन जातीचे बोल्ट असतात. जे दोन न हलणारे भाग जोडतात, म्हणजे हात आणि आडवे दांडे, ते कचकचून आवळायचे. जे सांध्यावर आहेत, रोलरचे, बिजागरीचे, किकरचे, ते आवळायचे आणि मग पाव ते अर्धा फेरा सैल सोडायचे, म्हणजे भाग हलला पाहिजे पण लडबडला नाही पाहिजे. त्या जागी बहुधा आतून नायलॉनचं कडं असलेला नट असतो, तो त्या कड्यामुळे सैल सोडला तरी आपोआप निघून येत नाही. साधा नट असेल तर बदलून घ्या. मध्ये नायलॉनचा वॉशर असेल तर तो फेकू नका, लाकडावर लाकूड घासू नये म्हणून दिलेला असतो तो.

खाच सुक्या कापडानं पुसा आणि तिथं मेणबत्ती घासा, साधी पांढरी मेणबत्ती, बस. तेलानं धूळ धरते, लाकूड डागाळतं आणि ते गादीच्या खोळीला लागतं. लोखंडी फ्रेम असेल तर सांध्यावर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा ठीक आहे, पण मारल्यावर पुसून घ्या.

अजून एक, उघडताना कोपऱ्याला धरून ओढू नका. सीटच्या पुढच्या कडेला मधोमध दोन्ही हात घाला, आधी वर उचला आणि मग पुढं घ्या. कोपऱ्याला धरलं की चौकट तिरकी होते आणि दुसऱ्या टोकाचा रोलर खाचेबाहेर येतो.

प्रश्न : मधोमध खड्डा पडलाय. दोघं झोपलो की दोघंही मध्ये घरंगळतो. पट्ट्या तर एकही तुटलेली नाही. गादी बदलू का?

थांबा, गादीवर खर्च करण्याआधी ती खाली काढा आणि रिकामी फ्रेम उघडी ठेवून एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत दोरी ताणून धरा. बायफोल्डमध्ये पट्ट्या तशा आखूड असतात, फुल साइजला २७ इंचांच्या आसपास, त्या सहसा वाकत नाहीत. वाकतो तो पट्ट्या ज्याच्यावर टेकल्यात तो लांब दांडा, कारण तो ७५ इंच अधांतरी असतो आणि नेमके सीट आणि पाठीचे आतले दोन दांडे पलंगाच्या बरोबर मध्ये येतात. दोरी आणि दांडा यांच्यात मध्यावर फट दिसली की दोष तिथं आहे, नवी गादी टाकली तरी तिथंच खड्डा पडणार.

उपाय साधा आहे, मध्यावर खालून एक आधाराचा पाय. दुमडणारा बसवा, म्हणजे सोफा करताना आड येणार नाही. पुष्कळ चांगल्या फ्रेममध्ये तो आधीच असतो आणि जोडताना लोक जास्तीचा भाग समजून बाजूला ठेवतात, एकदा पिशवी धुंडाळून बघा.

दोरीला दांडा सरळ लागला तर मग पट्ट्यांमधली अंतरं मोजा. २ ते ३ इंचांपर्यंत ठीक, त्याहून जास्त असेल तर गादी फटीत उतरते आणि खालून तिच्यावर पन्हळीसारखे वळ दिसतात. मध्ये जादा पट्ट्या ठोकून घ्या, जाडी आधीच्या पट्ट्यांएवढीच हवी. प्लायवूड टाकायचं म्हणाल तर सीटला वेगळा तुकडा आणि पाठीला वेगळा, आणि भोकं पाडून घ्या, नाहीतर घामाची ओल खाली कोंडते आणि गादीला वास मारतो. लोखंडी फ्रेममध्ये पट्ट्यांच्या जागी स्प्रिंगांनी ताणलेली तारेची जाळी असते, ती सैल पडली तर त्या कडेच्या छोट्या स्प्रिंगा बदलता येतात, आणि जाळीवर एक जुनी सतरंजी घातली तर तार गादीला कापत नाही.

प्रश्न : घरात पलंगाची चांगली १० इंची स्प्रिंगची गादी पडून आहे. तीच फ्युटनवर वापरू का?

नको. साध्या स्प्रिंगच्या गादीला कडेनं जाड तारेची चौकट असते, ती दुमडली की कायमची वाकते. आणि १० इंच जाडी पण जमणार नाही, हिशोब करून बघा. फुल साइजची सीट २७ इंच खोल. त्यावर ८ इंची गादी L सारखी वळवली की पाठीकडची गादी ८ इंच खाते, बसायला उरतात १९. बरोबर बसतं. १० इंची टाकली तर १७ उरतात, मांड्यांना आधार राहत नाही, आणि मुळात ती वळणारच नाही तर सोफा बंद कसा होणार. बायफोल्डला ६ ते ८ इंच, कापूस आणि फोम एकत्र असलेली गादी बघा. नुसत्या कापसाची टणक आणि जड असते, काही दिवसांनी दबते, ती महिन्या-दोन महिन्यांनी उलटायची आणि डोक्याकडची बाजू पायाकडे करायची. ट्रायफोल्डला त्याहून पातळ.

नवी गादी पहिले काही आठवडे ताठ असते आणि सीटवरून पुढं घसरते, त्याला घाबरू नका, दिवसा दुमडूनच ठेवा म्हणजे तिला घडीची सवय लागते. पट्ट्यांवर रबरी जाळीचा तुकडा टाकला तर घसरणं लगेच थांबतं.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. ती माझ्याकडे राहायला येतेय आणि रोज फ्युटनवरच झोपेल. हा निर्णय चुकतोय का?

चुकतोय असं नाही, पण दोन गोष्टी तिच्या बाजूनं बघा. पहिली उंची. सोफ्याची नाही, उघडलेल्या पलंगाची, गादी धरून जमिनीपासून किती. काही फ्रेममध्ये पलंग सोफ्यापेक्षा खाली उतरतो. आईला तुमच्या घरातल्या ज्या खुर्चीवरून सहज उठता येतं तिची उंची मोजा आणि पलंग तेवढा तरी हवा. पायांखाली ठोकळे लावायचे असतील तर चारही आणि मधलाही, आणि ठोकळ्याला खळगा असलेलाच घ्या म्हणजे पाय निसटत नाही.

दुसरं म्हणजे उघड-बंद तिला करायला लावू नका. गादीसकट चौकट उचलायला चांगलाच जोर लागतो. दिवसा सोफा लागतच नसेल तर सरळ पलंग म्हणूनच उघडा ठेवा. बायफोल्ड घेतलात तर हात तिच्या डोक्याशी आणि पायाशी येतात, लांब कड मोकळी राहते, तिथून पाय खाली सोडून उठणं सोपं जातं, आणि उठताना आधाराला डोक्याकडचा हात हाताशी असतो. म्हणून हात सपाट रुंद फळीचे बघा, बारीक नळीचे नकोत.

प्रश्न : जपानमधे फ्युटनला फ्रेम नसतेच असं ऐकलं. मग हा फ्युटन कुठला?

बरोबर ऐकलंत. जपानी फ्युटन म्हणजे नुसतं अंथरूण-पांघरूण, खाली शिकीबुतोन, वर काकेबुतोन, तातामीवर (जमिनीवरच्या जाड चटईवर) अंथरायचं आणि सकाळी घडी करून कपाटात. दुमडणारी फ्रेम ही नंतर पाश्चात्य देशांत जोडली गेलेली गोष्ट. नाव तेच राहिलं.

प्रश्न : वापरलेली फ्रेम मिळतेय, लाकडी. जाऊन काय बघू?

टॉर्च घेऊन जा आणि गादी काढायला सांगा, काढू देत नसतील तर परत या. हाताच्या खाचेत बोट फिरवा, कड चिरलेली नको. सांध्याच्या भोकांभोवती बघा, भोक गोलाचं लांबट झालं असेल तर तिथलं लाकूड खाल्लं गेलंय. लाकूड सगळीकडे सलग आहे का, की भुश्याच्या दाबलेल्या फळीवर कागद चिकटवलाय ते कापलेल्या कडेवरून किंवा बोल्टच्या भोकातून दिसतं, त्या फळीत एकदा सोडलेला स्क्रू परत धरत नाही आणि तुम्हाला तर सोडून न्यायचीय. रबरवूड असेल तर चालेल, चीक देणं थांबलेल्या रबराच्या झाडांचं लाकूड असतं ते, कणखर असतं. पाइन मऊ, त्याच्यावर नख दाबलं तर खूण उठते, पाहुण्यांपुरतं ठीक.

मग तीनदा उघडा, तीनदा बंद करा, मधे अर्धवट रेलायची पोझिशन असेल तर तिथं पण थांबवून बघा. आणि घरात लहान मूल असेल तर सोफा बंद होताना सीट आणि हात यांच्यातली फट बघा, बोट सहज आत जाईल एवढी असेल तर ती फ्रेम सोडून द्या. निघताना रोलर, किकर आणि नटबोल्टची पिशवी हातात घेऊन मोजा, कारण बाकी सगळं सुतार करून देईल पण त्या मापाचे रोलर शोधायला मला तीन आठवडे लागले होते.